लग्नाच्या मांडवातला कर्जरोखा

या विकांताला जरा लांब जाऊया. डोळ्यांपुढे एक ज्यू लग्न आणा. चार खांबांवर ताणलेलं कापड आणि त्याखाली नवरा-नवरी. या मांडवाला 'हुप्पा' म्हणतात. नवरदेवाने अंगठी घातली, सगळे खूश, कॅमेरे सज्ज. आणि नेमक्या याच वेळी एक गृहस्थ पुढे येतात आणि खणखणीत आवाजात एक कागद वाचायला लागतात. भाषा अरामी. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या बाजारांत ती सर्रास बोलली जायची, आता हॉलमधल्या दोनशे लोकांपैकी चार-पाच जणांना कळली तर कळली. (आपण तरी लग्नातल्या संस्कृत मंत्रांचं वेगळं काय करतो म्हणा!) नवख्या पाहुण्याला वाटतं आशीर्वाद चाललेत. प्रत्यक्षात तो एक कर्जरोखा असतो.

अगदी खराखुरा. अमुक तारखेला, अमुक गावी, अमक्याच्या मुलाने लिहून दिलं की मी या मुलीचं इतकं देणं लागतो. मी हिला खायला घालीन, कपडालत्ता पुरवीन, बायको म्हणून नांदवीन. आणि हे देणं फेडण्यासाठी माझी स्थावर-जंगम सगळी मालमत्ता तारण, पार खांद्यावरच्या झग्यासकट. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. कागद नवरीच्या ताब्यात. याला म्हणतात केतुबा. प्रेम-बिम काही नाही. घटस्फोट झाला किंवा नवरा मेला, की हे देणं वसूल करायचं.

आपल्याकडे 'याद्या' होतात. कोण किती साड्या देणार, जेवणाचा खर्च कोणाचा, हळदकुंकू लावून कागदावर उतरवतात. पण ती यादी दोन घरांमधली. नवरीच्या नावावर त्यात फारसं काही नसतं. केतुबा मात्र थेट नवऱ्याने नवरीला लिहून दिलेली. त्यामुळे मला तिच्यात रस वाटला. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की गेली दोनेक हजार वर्षं लोक या कागदावर एकापाठोपाठ एक पॅच मारत बसलेत, आणि सगळ्यात अवघड बग अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

रकमेपासून सुरुवात करू. पहिलटकरीण नवरीला २०० झूझ, विधवा किंवा घटस्फोटितेला १००. झूझ म्हणजे चांदीचं नाणं. २०० झूझ म्हणजे किती? मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात एक नियम आहे. शेताच्या कडेला गरिबांसाठी जे पीक सोडतात, ते ज्याच्याकडे २०० झूझ आहेत त्याने घ्यायचं नाही. म्हणजे २०० झूझ ही त्या काळची चक्क दारिद्र्यरेषा! नवऱ्याने टाकलं तरी बाई भिकेला लागू नये, एवढा हिशोब त्यामागे दिसतो. आणि तालमूदमध्ये कारणही स्वच्छ दिलंय. बायकोला घराबाहेर काढणं नवऱ्याला सोपं वाटू नये, म्हणून. ज्यू कायद्यात घटस्फोट नवऱ्याने द्यायचा असतो, आणि जुन्या काळी त्यासाठी बायकोच्या संमतीची गरज नव्हती. नवऱ्याने जाता येता घटस्फोट देऊ नये म्हणून त्याच्या खिशाला लावलेलं कुलूप म्हणजे केतुबा.

हे कुलूप एका झटक्यात बसलं नाही. त्याची गोष्ट तालमूदमध्येच आहे आणि ती वाचताना मला आमच्या रिलीज नोट्स आठवल्या. पहिल्यांदा नुसतंच लिहून द्यायचे, २०० आणि १००. वसुलीची खात्री नाही, त्यामुळे बायका लग्नाला तयार होईनात आणि पुरुष बिनलग्नाचे म्हातारे व्हायला लागले. मग ठरलं, पैसे मुलीच्या बापाकडे ठेवा. तर नवरा भडकला की म्हणायचा, जा, तुझी केतुबा तिकडे आहे, तिकडेच जा. मग ठरलं, सासरी ठेवा. श्रीमंत बायकांनी त्या पैशाच्या सोन्याचांदीच्या टोपल्या करून घेतल्या, गरीब बायकांनी लघवीचं भांडं. (हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, खरंच असं लिहिलंय!) तरी नवरा भडकला की, घे तुझी केतुबा आणि चालू लाग. शेवटी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह नावाच्या पंडिताने नियम केला की पैसे बाजूला काढून ठेवायचेच नाहीत. नवऱ्याने लिहून द्यायचं, माझं जे जे काही आहे ते सगळं तुझ्या केतुबेला तारण.

काय डोकं आहे बघा. पैसे बाजूला काढले की ते मनातून गेलेलेच असतात, बायकोबरोबर गेले काय नि राहिले काय. पण तेच धंद्यात, शेतात, गुरांत अडकलेले असले, की घटस्फोट द्यायचा म्हणजे शेत विकायला काढायचं. तोपर्यंत राग उतरतो.

आता हे सगळं पुस्तकातच होतं की खरंच चालायचं? चालायचं, आणि त्याचा पुरावा सापडलाय. १९६१ साली यिगाएल यादिन या पुरातत्त्वज्ञाला मृत समुद्राजवळच्या एका गुहेत चामड्याची पिशवी मिळाली. आत ३५ दस्तऐवज. सगळे बाबाथा नावाच्या एका बाईचे. ही बाई मृत समुद्राच्या दक्षिणेच्या माहोझा गावची, म्हणजे रोमनांच्या अरबस्तान प्रांतातली. पहिला नवरा वारला, पदरी मुलगा. दुसरं लग्न एन गेदीच्या येहूदाशी केलं. त्याला आधीची मिर्याम नावाची एक बायको होतीच. पिशवीत दुसऱ्या लग्नाची अरामी केतुबा आहे, आणि ती येहूदाने स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे. बायको कैद झाली तर सोडवून आणीन, तिच्या पोटच्या मुलींना सांभाळीन, मी मेलो तर तिला माझ्या घरात राहू देतील, अशी कलमं तिच्यात आहेत.

इ. स. १२८च्या फेब्रुवारीत याच येहूदाने बाबाथाकडून ३०० दिनार घेतल्याचा कागदही पिशवीत आहे. एप्रिलमध्ये त्याच्या मुलीचं लग्न झालं. (लग्न काढलं की हात आखडता घेता येत नाही, हे तेव्हाही खरं असावं.) मग येहूदा वारला. बाबाथाने काय केलं? तिने माहोझातल्या त्याच्या खजुराच्या बागा ताब्यात घेतल्या आणि १३० साली त्यातला खजूर विकून टाकला. विक्रीच्या कागदावर कारण लिहिलंय की या बागा माझ्या लग्नाच्या रकमेपोटी आणि कर्जापोटी मी धरून ठेवल्या आहेत. सवतीशी कोर्टकचेरी झाली ती वेगळीच. शिमोन बेन शेताहच्या तारणाच्या कल्पनेचा यापेक्षा चांगला डेमो मिळणार नाही. पुढे १३२ साली रोमनांविरुद्ध बार कोखबाचं बंड पेटलं. बाबाथा आपली कागदपत्रं घेऊन गुहेत लपली आणि पिशवी तिथेच राहिली. सगळं सोडून पळताना माणूस काय उचलतं? तिने केतुबा उचलली होती.

एक गोष्ट मला सगळ्यात अनपेक्षित वाटली. इतिहास मागून पुढे सुधारत येतो असं आपण धरून चालतो ना? इथे तसं नाहीये. इजिप्तमध्ये अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर इराणी साम्राज्याच्या चाकरीत ज्यू सैनिकांची वस्ती होती. तिथले लग्नाचे करार मिळालेत. चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकन गृहस्थाने १८९३ साली तिथे काही पपायरस विकत घेतले. तो १८९६ला गेला आणि कागद ट्रंकेत पडून राहिले. १९४७ साली ते ब्रुकलिन म्युझियमला मिळाले आणि १९५३ साली छापून आले. त्यातला एक करार इ. स. पूर्व ४४९चा आहे, नवरा देवळातला सेवक अनान्या आणि बायको ताम्मुत नावाची इजिप्शियन दासी. त्यात लिहिलंय की नवऱ्याला लग्न मोडायचं असेल तर त्याने चार लोकांसमोर उभं राहून तसं सांगावं आणि पैसे भरावेत. आणि बायकोला मोडायचं असेल तर तिनेही तसंच करावं! दासी असलेल्या बाईला अडीच हजार वर्षांपूर्वी नवरा सोडायचा हक्क करारात लिहून मिळाला होता. कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या अडगळीच्या खोलीत, म्हणजे प्रसिद्ध गेनिझात, दहाव्या-अकराव्या शतकातल्या केतुबा मिळाल्या. त्यातही पॅलेस्टाईनच्या परंपरेतल्या काही करारांत बायकोला निघून जाण्याची वाट ठेवलेली आहे. बाकी सगळीकडे मात्र बाबिलोनच्या तालमूदची परंपरा चालली आणि हे कलम गळून पडलं. कोणीतरी रीफॅक्टरिंग करताना चांगला कोड उडवतो, तसं काहीसं.

मग साधारण इ. स. १०००च्या सुमारास जर्मनीतले राब्बी गेर्शोम यांच्या नावाने दोन मोठे नियम प्रचलित झाले. एक, दुसरी बायको करायची नाही. दोन, बायकोच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट द्यायचा नाही. युरोपातल्या ज्यूंनी ते स्वीकारले. बाईच्या दृष्टीने उत्तमच. पण यामुळे केतुबेतलं कुलूप जवळपास बिनकामाचं झालं. नवरा तसाही एकतर्फी काढू शकत नाही, तर २०० झूझचा धाक हवाय कशाला?

आणि बग उरला तो नेमका उलटा. नवरा सोडत नाही, हा.

ज्यू घटस्फोटाच्या कागदाला 'गेट' म्हणतात. आपल्या फाटकाच्या गेटसारखाच उच्चार, आणि गंमत म्हणजे काम पण तेच. :) हा कागद नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या हातात द्यावा लागतो. जबरदस्तीने घेतलेलं गेट बाद. सरकारी कोर्टाने घटस्फोट दिला तरी धर्माच्या हिशोबाने ती त्याचीच बायको. अशा अडकलेल्या बाईला 'अगुना' म्हणतात, म्हणजे नांगर टाकून बांधलेली. तिने दुसरा संसार मांडला तर त्या मुलांवर 'मामझेर' असा शिक्का बसतो. त्यांचं लग्न बाकीच्या ज्यूंशी लागत नाही आणि तो शिक्का पुढच्या पिढ्यांनाही सुटत नाही. पुरुषाचं तसं नाही. बायको गेट घेत नसेल तर शंभर राब्बींच्या सह्या मिळवून त्याला दुसरं लग्न करायची परवानगी मिळू शकते. बाईला शंभर काय, हजार सह्यांनीही मिळत नाही. मग काही नवरे काय करतात? गेट अडवून धरतात. घर माझ्या नावावर कर, मुलांचा ताबा सोड, इतके पैसे दे, मग बघू. जो कागद नवऱ्यावर वचक म्हणून सुरू झाला, त्या व्यवस्थेत वचक असा फिरला.

हा शिक्क्याचा धाक किती लांब पोचतो, याचं उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. रायगड-मुंबईकडचे बेने इस्राएल, आपले शनवार तेली, मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्याही लग्नात केतुबा वाचतात. १९४८नंतर त्यातले हजारो लोक इस्राएलला गेले. तिथे नागरी विवाह नाही, लग्न राब्बींकडूनच लागतं. १९६१ साली राब्बिनेटने बेने इस्राएलांशी लग्नाला हरकत नाही असं म्हटलं, पण १९६२ साली लग्न नोंदवणाऱ्या राब्बींना सूचना गेल्या की यांच्या मागच्या पिढ्या तपासा. एक शंका अशी की कोकणात शेकडो वर्षं राब्बी नव्हते, मग यांच्या पणज्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का? म्हणजे नागावच्या कुठल्याशा आजीबाईच्या गेटवरून जेरुसलेममध्ये पणतीचं लग्न अडणार! बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि त्याच महिन्याअखेर राब्बिनेटने सूचनांमधून बेने इस्राएल हे नाव काढलं. या आंदोलनाबद्दल मराठीत आणखी वाचायला मिळायला हवं, असं मला फार वाटतं. असो.

तर आता या बगवर आजच्या लोकांनी काय काय उपाय केलेत ते बघू.

पहिला मोठा प्रयत्न १९५०च्या दशकातला. न्यूयॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीतले प्रा. सॉल लीबरमन यांनी केतुबेत एक कलम घातलं. लग्न मोडलं तर दोघांपैकी कोणीही बोलावल्यावर दुसऱ्याने धार्मिक न्यायपीठापुढे यायचं, नाही आलं तर न्यायपीठ नुकसानभरपाई ठरवील. काँझर्व्हेटिव्ह पंथाने ते स्वीकारलं. पण सरकारी कोर्ट असल्या अरामी कागदाला विचारेल का? याची परीक्षा अविट्झुर खटल्यात झाली. १९६६चं लग्न, १९७८ला नागरी घटस्फोट, नवरा न्यायपीठापुढे येईना. बायको कोर्टात गेली. १९८३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. म्हणणं साधं होतं. आम्ही धर्माचा अर्थ लावत नाही, एका विशिष्ट मंडळापुढे जायचा करार दोघांनी केला होता, तो पाळा. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर कलम भिंतीवर लटकवण्यापुरतंच उरलं असतं.

ऑर्थोडॉक्स राब्बींना हे चालेना. दंडाची भीती घातली तर गेट जबरदस्तीचं ठरेल, आणि मग ते बादच. यातून १९९०च्या दशकात राब्बी मॉर्डेकाय विलिग यांनी जो मार्ग काढला तो वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी नवं काहीच आणलं नाही. केतुबेतलं जुनं कलमच उचललं, 'मी हिला खायला घालीन'. धर्माने ती अजून बायको आहे ना? मग पोटगी द्यायची तुमची जबाबदारीही आहेच. लग्नाआधी वेगळा करार करा की वेगळे राहायला लागल्यापासून, धर्माने लग्न टिकून असेपर्यंत, नवऱ्याने रोज ठरावीक रक्कम द्यायची. अमेरिकेतल्या बेथ दिनच्या मसुद्यात ती रोजची १५० डॉलर आहे. गेट न दिल्याचा हा दंड नाही. हा नुसता जेवणाखाण्याचा खर्च. गेट दिलंत की मीटर बंद. देऊ नका, चालू दे मीटर, वर्षाला ५४,७५० डॉलर. जबरदस्ती नाही, पण खिसा गळतोय! शिमोन बेन शेताहने नवऱ्याच्या जाण्याला लावलेलं पैशाचं कुलूप याने न सोडण्याला लावलं. कनेक्टिकटमध्ये २०१२ साली अशाच, पण रोजच्या १०० डॉलरच्या करारावर खटला उभा राहिला, तेव्हा याने धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही असं न्यायालयाने ठरवलं. २०१६ साली रॅबिनिकल कौन्सिल ऑफ अमेरिकाने आपल्या सदस्य राब्बींना बजावलं की असा करार असल्याशिवाय लग्न लावायचं नाही. कडव्या हरेदी समाजात मात्र बहुतेक ठिकाणी हा करार आजही वापरत नाहीत.

इस्राएलने निराळी वाट धरली. १९९५च्या कायद्याने राब्बींच्या कोर्टाला अधिकार दिले की गेट द्यायचा आदेश न पाळणाऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स रोखा, बँक खातं गोठवा, परदेशी जाऊ देऊ नका, तुरुंगात टाका. पण त्यासाठी आधी कोर्टाने तसा आदेश द्यायला हवा, आणि तिथेच गाडी अडते.

आणखी एक पंथ असा की मुळातच नको हे. एकोणिसाव्या शतकात रिफॉर्म ज्यूंनी केतुबा बरीचशी टाकून दिली होती. १९६०-७०च्या दशकांत ती कलेच्या वाटेने परत आली. हाताने रंगवलेल्या सुंदर केतुबा, दोघांची एकमेकांना वचनं, फ्रेम करून दिवाणखान्यात. दिसतात खरंच देखण्या. पण माझं विचाराल तर, नुसती वचनंच असतील तर ते ग्रीटिंग कार्ड झालं. माणसं एकमेकांवर खूश असताना करार लागतच नाही.

रेचल अ‍ॅडलर या विदुषीचं काम मात्र वेगळ्या तोडीचं. १९९८ च्या पुस्तकात त्यांनी प्रश्न मुळाशी नेला. जुन्या कायद्यात नवरा बायकोला 'मिळवतो', आणि तोच शब्द शेत विकत घेण्यालाही आहे. मिळवलेली वस्तू स्वतःहून सुटणार कशी? मग कलमं किती का जोडा. म्हणून त्यांनी मालमत्तेचा कायदा सोडला आणि तालमूदमधलाच भागीदारीचा कायदा घेतला, व्यापारी वापरायचे तो. दोघांनी आपापली एक मोलाची वस्तू एका पिशवीत टाकायची आणि पिशवी दोघांनी मिळून उचलायची, झाली भागीदारी. भागीदारी दोघांपैकी कोणीही मोडू शकतं, गेटचा प्रश्नच नाही. मला हे मनापासून पटतं. अडचण एकच, ऑर्थोडॉक्स राब्बी याला मानत नाहीत. म्हणजे बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी नाही. उद्या मुलीला त्या समाजात लग्न करायचं झालं तर? पणजीच्या गेटवरून काय होतं ते वर पाहिलंच. म्हणून मला वाटतं, विलिग यांचा कंटाळवाणा, आकडेमोडीचा करार आज जास्त बायकांच्या कामाला येतो.

त्या कराराला एक मोठी फट मात्र होती. ज्यांची लग्नं तो यायच्या आधी झाली त्यांचं काय? त्यासाठी लग्नानंतर करायचा मसुदा निघाला, आणि काही सिनेगॉगांमध्ये त्याचे चक्क समारंभ होतात. संध्याकाळी जोडपी जमतात, खाणंपिणं असतं, टेबलाशी नोटरी बसलेला असतो. ज्यांना या कागदाची कधी गरज पडणार नाही अशी, नातवंडं झालेली जोडपीही रांगेत उभी राहून सह्या करतात. सगळ्यांनीच सही केली, की उद्या एखादी नवी नवरी हा कागद मागेल तेव्हा तिला कोणी विचारणार नाही, का गं, तुझा त्याच्यावर विश्वास नाही?